अभ्यासू साहेबाच्या हाताखाली : संविधानाच्या मसुद्यामागची कचेरी

इतिहास शिकताना आपण बहुतेक वेळा साहेबांकडे बघतो. मंत्री काय म्हणाले, अध्यक्षांनी काय ठरवलं, हे पाहतो. आज टेबलाच्या पलीकडे जाऊन बसू. ज्याचा अभ्यास आपल्यापेक्षा दांडगा आहे, जो अर्धवट कागद परत पाठवतो आणि ज्याला उद्या सकाळी भर सभागृहात उत्तर द्यायचं आहे, अशा साहेबाच्या हाताखाली काम करणं म्हणजे काय? यासाठी उदाहरण घेतलंय मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासाठी राबणाऱ्या कचेरीचं.

हेच उदाहरण घेण्याला कारण आहे. ‘संविधान नेमकं कोणी लिहिलं’ हा वाद अधूनमधून उफाळतो. एक बाजू म्हणते, सगळं बाबासाहेबांनी एकहाती केलं. दुसरी म्हणते, मसुदा तर बी. एन. राव यांचा, बाबासाहेबांनी फक्त तो मांडला. मला वाटतं, दोन्ही बाजूंना कचेरीत काम कसं चालतं याचा विसर पडलाय. ते काम नीट पाहिलं तर वादातली बरीच हवा निघून जाते.

आधी थोड्या तारखा. संविधान सभा पहिल्यांदा भरली ९ डिसेंबर १९४६ रोजी. २९ ऑगस्ट १९४७ ला तिने सात जणांची मसुदा समिती नेमली, आणि ३० तारखेला पहिल्याच बैठकीत बाबासाहेब अध्यक्ष झाले. त्याच महिन्यात ते स्वतंत्र भारताचे कायदामंत्रीही झाले होते. म्हणजे एका खांद्यावर खातं आणि दुसऱ्यावर संविधान. सभेचे घटनात्मक सल्लागार बेनेगल नरसिंह राव यांनी समितीसमोर एक कच्चा मसुदा ठेवला. त्यात २४३ कलमं आणि १३ परिशिष्टं होती. समितीने फेब्रुवारी १९४८ मध्ये स्वतःचा मसुदा दिला, त्यात ३१५ कलमं आणि ८ परिशिष्टं. शेवटी मंजूर झाली ती ३९५ कलमं आणि ८ परिशिष्टं. २४३, ३१५, ३९५ हे आकडे लक्षात ठेवा. ‘मसुदा तर रावांचा होता’ म्हणणाऱ्याला हे आकडेच बरंच काही सांगतात. आणि ‘एकट्यानेच केलं’ म्हणणाऱ्यालाही सांगतात, कारण एवढा कागद एका हातून तयार होत नाही.

आता साहेबाची तयारी बघू. बाबासाहेब १९४७ साली या कामाला नवखे नव्हते. १९१९ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, मताधिकाराच्या प्रश्नावर त्यांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली होती. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे निवेदन, १९३० पासून गोलमेज परिषदा. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवर त्यांचा ग्रंथ १९२५ चा. केंद्राने प्रांताला पैसा कसा द्यायचा या प्रश्नावर ज्याने पुस्तक लिहिलंय, त्याच्यापुढे केंद्र-राज्य महसुलाच्या कलमांचं टिपण ठेवायचं, असा हा मामला. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते, म्हणजे दिल्लीच्या सरकारी फायली कशा फिरतात हेही पाहिलेलं. आणि मार्च १९४७ मध्ये स्वतःच्या कल्पनेतल्या संविधानाचा कलमवार आराखडा त्यांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात मांडलेला. थोडक्यात, परीक्षक स्वतः तीस वर्षं हाच पेपर सोडवत होता.

साहेब कच्चा असला की हाताखालच्याला वेळ मारून नेता येते. दोन जड शब्द घातले, एक जुना दाखला जोडला, की सही होते. अभ्यासू साहेबापुढे हे चालत नाही. तो विचारतो, ‘हा शब्द इथे का? दुसऱ्या देशाच्या घटनेत काय आहे? त्यांच्या न्यायालयांनी त्याचा अर्थ काय लावला?’ असे प्रश्न येणार हे माहीत असलं की माणूस टेबलावर कागद ठेवण्याआधीच ते स्वतःला विचारायला लागतो. अभ्यासू साहेबाचा धाक म्हणतात तो असा असतो. त्याला आरडाओरडा करावा लागत नाही.

समिती कागदावर सात जणांची होती. पण ५ नोव्हेंबर १९४८ ला टी. टी. कृष्णमाचारी यांनी सभागृहात तिची खरी हालत सांगितली. ते स्वतः नंतर या समितीवर आले. ते म्हणाले ते साधारण असं : एकाने राजीनामा दिला, त्यांच्या जागी दुसरे आले, एकांचं निधन झालं, एक अमेरिकेत होते, एक राज्यकारभारात गुंतलेले, एक-दोघं दिल्लीपासून दूर, प्रकृतीमुळे येऊ न शकणारे. त्यामुळे भार शेवटी डॉक्टर आंबेडकरांवर पडला. हे भाषण आपण नेहमी बाबासाहेबांचं मोठेपण सांगण्यासाठी वापरतो, ते योग्यच आहे. पण कचेरीच्या बाजूने ऐका. सात जणांत वाटायचं काम एका माणसाकडे गेलं, तर त्याच्यामागच्या कचेरीवर किती पडलं असेल?

त्या कचेरीचे प्रमुख होते एस. एन. मुखर्जी, संविधान सभेचे मुख्य मसुदाकार. आता त्यांचं काम समजून घेऊ. मसुदा छापून आला की सभासद दुरुस्त्यांच्या लेखी सूचना देतात. प्रत्येक सूचनेला क्रमांक द्यायचा, ती त्या त्या कलमाखाली लावायची, याद्या छापायच्या. समिती बसली की कोणती घ्यायची, कोणती नाही, का नाही, हे ठरणार. घ्यायची ठरली तर तिचे शब्द बाकीच्या कलमांशी जुळतात का ते पाहायचं. दुरुस्त्यांच्या अशा एकूण ७,६३५ सूचना आल्या. प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या २,४७३.

हे आकडे सगळीकडे सांगितले जातात, पण त्यांची वजाबाकी कोणी करत नाही. ५,१६२ सूचना मांडल्याच गेल्या नाहीत. मात्र त्या मांडल्या जाणार नाहीत हे आदल्या रात्री कोणाला ठाऊक होतं? उत्तराची तयारी सगळ्यांचीच ठेवायला हवी. तयारीच्या माणसाचं अर्धं काम वाया जाण्यासाठीच असतं, आणि ते वाया गेलेलं काम पुढे कोणत्याच इतिहासात येत नाही.

सभासदही काही साधे नव्हते. हरि विष्णू कामत, के. टी. शाह, हृदयनाथ कुंझरू, आपले पंजाबराव देशमुख, सगळे कलमाचा एकेक शब्द धरून भांडणारे. नझीरुद्दीन अहमद तर स्वल्पविरामावरही दुरुस्ती देत. कामाला वेळ लागतोय म्हणून त्यांनी ‘ड्राफ्टिंग कमिटी’चं नाव ‘ड्रिफ्टिंग कमिटी’, म्हणजे वाहवत जाणारी समिती, असं ठेवलं. समितीच्या स्वतःच्याच दुरुस्त्या ऐनवेळी हातात पडतात अशीही तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती. शब्द शेवटच्या क्षणापर्यंत बदलत होते.

एक उदाहरण घेऊ. मसुद्यातलं कलम १५, जगण्याचं आणि व्यक्तिस्वातंत्र्याचं. आजचं कलम २१. ‘कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीखेरीज’ कोणाचं स्वातंत्र्य हिरावता येणार नाही, असे शब्द होते. अनेक सभासदांना अमेरिकेसारखं ‘ड्यू प्रोसेस’ हवं होतं. म्हणजे कायदाच न्याय्य आहे का, हे न्यायालयाने तपासायचं. १३ डिसेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी दोन्ही बाजू मांडल्या. विधिमंडळ अन्यायी कायदा करू शकतं हा एक धोका, आणि मूठभर न्यायाधीश लोकांनी निवडलेल्या विधिमंडळाचा कायदा आपल्या मतानुसार पाडू शकतात हा दुसरा. निर्णय त्यांनी सभागृहावर सोडला. कलम मूळ शब्दांतच मंजूर झालं.

दुसऱ्या एखाद्या साहेबाने इथे फाईल बंद केली असती. इथे तसं झालं नाही. नऊ महिन्यांनी, सप्टेंबर १९४९ मध्ये, बाबासाहेबांनी नवं कलम १५-अ आणलं आणि सांगितलं की आधीच्या शब्दांनी जे गमावलं त्याची ही भरपाई आहे. अटकेचं कारण सांगणं, वकिलाचा हक्क, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणं, हे सगळं त्यातून आलं. प्रतिबंधक स्थानबद्धतेची तरतूदही त्यातच होती, म्हणून सभागृहाने त्याच्यावर जोरदार टीका केली. आज तेच कलम २२. आता मसुदाकाराच्या जागी बसून बघा. मंजूर झालेलं प्रकरण साहेब पुन्हा उघडतात, कारण ते त्यांच्या मनाला पटलेलं नाही. हाताखालच्याला त्या रात्री राग आला असेल तर नवल नाही. पण पहाटे दार ठोठावून उचलून नेलेल्या माणसाला जो चोवीस तासांचा हक्क मिळाला, तो या दुसऱ्यांदा उघडलेल्या फाईलमधून मिळाला.

आणखी एक काम सांगतो, ज्यावर कोणी कादंबरी लिहिणार नाही. चर्चेच्या टप्प्याअखेर कलमं ३८६ झाली होती. मधेच घुसवलेली कलमं अ, ब, क लावून उभी होती. शेवटच्या स्वरूपात सगळ्यांना नवे क्रमांक मिळाले आणि संख्या ३९५ वर गेली. अस्पृश्यता नष्ट करणारं कलम ११ होतं, ते १७ झालं. घटनात्मक दाद मागण्याचं २५ होतं, ते ३२ झालं. ३०६-अ चं ३७० झालं. एक क्रमांक बदलला की ज्या ज्या कलमात त्याचा उल्लेख आहे तिथे तिथे तो बदलावा लागतो. हे संगणकाच्या आधीचं, टाइपरायटरवरचं आणि छापखान्याच्या प्रुफांवरचं काम. कलमवार चर्चा ऑक्टोबर १९४९ मध्ये आटोपली आणि नोव्हेंबरच्या मध्याला सभा पुन्हा भरली. त्या मधल्या आठवड्यांत हे उरकायचं होतं. एक संदर्भ चुकला असता तर पुढे न्यायालयात त्यावर वाद झाला असता.

सगळेच मोठे साहेब असे शब्दाशब्दाला धरणारे नसतात. त्याच दिल्लीत सरदार पटेलांचं संस्थान खातं होतं आणि सचिव होते व्ही. पी. मेनन. सरदारांची रीत वेगळी होती : दिशा ठरवून द्यायची, माणूस पारखून घ्यायचा आणि मग त्याला मोकळं सोडायचं. ते काम वाटाघाटींचं होतं, राजेमहाराजांशी समोरासमोर बसून करायचं. संविधानाचं काम शब्दांचं होतं, तिथे मोकळं सोडून चालणार नव्हतं. रीत कामाप्रमाणे बदलते. पण एक गोष्ट दोघांनीही केली. १० ऑक्टोबर १९४९ ला सरदार संविधान सभेत आपल्या सनदी अधिकाऱ्यांच्या बाजूने ठामपणे उभे राहिले. आणि २५ नोव्हेंबरला बाबासाहेबांची पाळी आली.

ते भाषण आपण व्यक्तिपूजेच्या इशाऱ्यासाठी आणि सामाजिक लोकशाहीसाठी वाचतो. सुरुवातीचा भाग मात्र उडी मारून पुढे जातो. तिथे बाबासाहेब सांगतात की मला दिलं जाणारं श्रेय खरं तर माझं एकट्याचं नाही. त्यातला काही वाटा कच्चा मसुदा करणाऱ्या बी. एन. रावांचा आहे. काही समितीच्या सदस्यांचा, जे १४१ दिवस बसले. आणि त्याहून मोठा वाटा मुख्य मसुदाकार मुखर्जी यांचा. अत्यंत गुंतागुंतीचा प्रस्ताव सोप्या, स्वच्छ कायद्याच्या भाषेत उतरवण्याची त्यांची हातोटी आणि कष्ट घेण्याची ताकद यांचा ते खास उल्लेख करतात. ते नसते तर सभेला आणखी कित्येक वर्षं लागली असती, असं म्हणतात. मग मुखर्जींच्या हाताखालच्या कर्मचाऱ्यांवर येतात : किती राबले, कधी कधी मध्यरात्र उलटून गेली तरी राबले. आणि पुढे, ज्यांनी दुरुस्त्यांचा पाऊस पाडून सगळ्यांना जागवलं, त्या कामत, देशमुख, शाह, कुंझरू यांचेही आभार मानतात. त्यांच्यामुळे संविधानामागची तत्त्वं उलगडून सांगायची संधी मिळाली म्हणून.

बघा, आपण आज ज्या वादावर घसा कोरडा करतो, त्याचं उत्तर त्या माणसाने स्वतः सभागृहात, नोंद होईल असं, देऊन ठेवलंय. रावांचं नाव लपवलेलं नाही, मुखर्जींचं तर नाहीच. मग अध्यक्षाचं काम काय उरतं? मसुदा लिहिणं आणि मसुदा पार नेणं यांत फरक आहे. प्रत्येक शब्दावर उभं राहून उत्तर द्यायचं, चूक असेल तिथे मान्य करायचं, बरोबर असेल तिथे सरकायचं नाही. हे ज्याला खडान्खडा माहीत आहे त्यालाच जमतं, आणि ते बाबासाहेबांनी केलं. मधुमेह आणि पायांच्या दुखण्याने प्रकृती ढासळत असताना केलं.

याची किंमतही सांगायला हवी. मुखर्जींचं नाव नोंदीत आलं, मध्यरात्रीनंतर जागलेल्या टंकलेखकांची, कारकुनांची नावं त्या भाषणात नाहीत. कडक साहेबाची गोष्ट सांगताना आपण फार सहज म्हणतो की कष्टाचं चीज झालं. चीज देशाचं झालं. त्यांच्या झोपेचा हिशेब कोणी ठेवला नाही.

म्हणून एवढंच म्हणेन. राजकीय पदावरचा साहेब कडक आहे का, हा प्रश्न अपुरा आहे. नुसता कडकपणा कुठेही मिळतो. पाहायचं ते हे की तो जेवढं मागतो तेवढं स्वतः वाचून येतो का, तुम्ही रात्री केलेला कागद सकाळी सभागृहात पेलू शकतो का, आणि टाळ्या वाजतात तेव्हा मागे वळून तुमच्याकडे बोट दाखवतो का. २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण या दृष्टीने पुन्हा वाचा, अगदी पहिल्या परिच्छेदापासून.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.