ध्वनिमुद्रणातील पातळीचा निर्णय

बोलीचे ध्वनिमुद्रण हा भाषेचा पुरावा होय. परंतु तो कितपत विश्वसनीय ठरेल, हे मुद्रणसमयी राखलेल्या ध्वनिपातळीवर पुष्कळसे अवलंबून असते.

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणास जोड म्हणून १९१३ ते १९२९ या काळात विविध भाषांच्या तबकड्या तयार झाल्या. आरंभीच्या यांत्रिक पद्धतीत बोलणाऱ्याचे कर्ण्यापासूनचे अंतर हेच पातळीचे मुख्य नियंत्रण होते. १९२५ मध्ये विद्युत्-मुद्रण व्यवहारात आले आणि ते नियंत्रण तंत्रज्ञाच्या हाती गेले. पुढे ध्वनिफितीवर पातळी किंचित चढली, तरी विकृती क्रमाक्रमाने वाढे.

अंकीय मुद्रणात ही सवलत उरली नाही. १९८५ च्या एईएस-३ मानकामुळे दोन वाहिन्यांचे अंक एकाच तारेतून एका प्रोसेसरमधून दुसऱ्यात जाऊ लागले. या जोडणीत पातळी घटत नाही. मात्र दोन्ही यंत्रांचे कालमान एक असावे लागते. परंतु अंकीकरणापूर्वीच प्रवर्धन अधिक झाले, तर शून्य डेसिबलवर ध्वनीचा माथा छाटला जातो आणि नंतर पातळी उतरवूनही तो परत येत नाही. म्हणूनच युरोपीय नभोवाणी संघाने संदर्भपातळी त्या मर्यादेखाली १८ डेसिबलवर ठेविली.

अंबरनाथच्या शिवालयातील लेखाचा शक प्रथम ७८२ असा वाचला गेला, पुढे तो ९८२ ठरला. मूळ लेख टिकून असल्यानेच हे पुनर्वाचन शक्य झाले. त्याच परिसरातील पालेगावी कोणी वृद्धांची आगरी बोली मुद्रित करील, तर छाटल्या गेलेल्या महाप्राणाचे असे पुनर्वाचन करता येणार नाही. यास्तव वक्त्यास प्रथम मोठ्याने बोलावयास लावून पातळी ठरवावी व मगच मुद्रणास आरंभ करावा.