2001 : दहशतवादाविरुद्धचे युद्ध आणि धर्मयुद्धाची भीती

11 सप्टेंबर 2001 चा इतिहास सांगताना बहुतेक लेखक न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांपासून आरंभ करतात. बौद्ध वाचकाने तो सहा महिने आधीपासून वाचावा, असे मला वाटते. 26 फेब्रुवारी 2001 रोजी तालिबानचा प्रमुख मुल्ला उमर याने मूर्तिभंजनाचे फर्मान काढले आणि मार्च महिन्यात बामियानच्या कड्यात कोरलेल्या, सुमारे 55 आणि 38 मीटर उंचीच्या दोन बुद्धमूर्ती स्फोटकांनी उडवून देण्यात आल्या. सातव्या शतकात ह्युएनत्संगाने ज्यांचे वर्णन लिहून ठेवले, त्या ह्याच मूर्ती.

आपल्या अनेक घरांत ही घटना ‘मुसलमानांनी बुद्ध फोडला’ अशा एका वाक्यात साठवली गेली आहे. ते वाक्य इतिहासाला धरून नाही. बामियानच्या खोऱ्यात शेकडो वर्षे त्या मूर्तींच्या सावलीत राहिलेले हजारा लोक शिया मुसलमान आहेत, आणि तालिबानच्या क्रौर्याचा पहिला घाव त्यांच्यावर पडला. ऑगस्ट 1998 मध्ये मझार-ए-शरीफ येथे हजारांची कत्तल झाली. जानेवारी 2001 मध्ये, म्हणजे मूर्ती फोडण्याच्या दोनच महिने आधी, बामियान प्रांतातील यकावलंग येथे किमान 170 पुरुषांना पकडून ठार मारण्यात आले. मूर्ती वाचवाव्यात म्हणून इस्लामी राष्ट्रांच्या परिषदेचे शिष्टमंडळ कंदहारला गेले होते. त्यात इस्लामी धर्मपंडितही होते. त्यांचे कोणी ऐकले नाही. तेव्हा पुढे ज्याला ‘इस्लाम विरुद्ध पाश्चात्त्य जग’ असे नाव देण्यात आले, त्या संघर्षाची रेषा मुळात मुस्लिम समाजाच्या आतून जात होती.

ओसामा बिन लादेनला मात्र ही रेषा पुसायची होती. फेब्रुवारी 1998 च्या जाहीरनाम्यात त्याने आपला लढा ‘यहुदी आणि क्रुसेडर’ यांच्याविरुद्ध असल्याचे घोषित केले होते. त्याच वर्षी 7 ऑगस्टला नैरोबी आणि दार-एस-सलाम येथील अमेरिकी दूतावासांवर बॉम्बहल्ले झाले. 224 माणसे मेली, आणि त्यांतील बहुसंख्य आफ्रिकी होती. अमेरिकेने 20 ऑगस्टला अफगाणिस्तानातील तळांवर आणि सुदानमधील एका औषधनिर्मितीच्या कारखान्यावर क्षेपणास्त्रे डागली. बिन लादेन वाचला. उलट त्याची कीर्ती वाढली.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे 16 सप्टेंबर 2001 रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या तोंडून निघालेल्या ‘क्रुसेड’ या शब्दाचे गांभीर्य कळते. अमेरिकी इंग्रजीत हा शब्द एखाद्या मोहिमेसाठी सहज वापरला जातो. अरबी कानांना तो जेरुसलेमवर चालून आलेल्या मध्ययुगीन फौजांची आठवण देतो. बिन लादेनने तीन वर्षांपूर्वी शत्रूला दिलेले नाव शत्रूने स्वतःहून धारण केले, असा त्याचा अर्थ झाला. दुसऱ्याच दिवशी बुश वॉशिंग्टनच्या इस्लामिक सेंटरमध्ये गेले आणि इस्लामशी आमचे वैर नाही, असे त्यांनी तेथे सांगितले. 18 तारखेला त्यांच्या प्रवक्त्याने त्या शब्दाबद्दल खेद व्यक्त केला. लष्करी मोहिमेचे ‘अनंत न्याय’ या अर्थाचे नावही 25 सप्टेंबरला बदलण्यात आले. अनंत न्याय ईश्वरच देऊ शकतो, या मुस्लिम श्रद्धेला त्याने धक्का बसत होता. संगणकाच्या आज्ञावलीत एखाद्या घटकाचे नाव बदलल्याने त्याचे वर्तन बदलत नाही, हे माझ्या व्यवसायातील कोणीही सांगेल. राज्यव्यवहारात ते काही अंशी बदलते, म्हणून या दुरुस्त्यांना मी निव्वळ दिखावा म्हणणार नाही.

तथापि रस्त्यावरच्या माणसापर्यंत दुरुस्ती पोहोचायला वेळ लागतो, आणि संशय त्याआधीच पोहोचलेला असतो. 15 सप्टेंबरला ॲरिझोनातील मेसा येथे बलबीरसिंग सोधी हे शीख गृहस्थ आपल्या पेट्रोल पंपाबाहेर फुलझाडे लावत असताना गोळी घालून मारले गेले. त्याच दिवशी डॅलसमध्ये एका पाकिस्तानी दुकानदाराची हत्या झाली. 4 ऑक्टोबरला त्याच मारेकऱ्याने टेक्सासमध्येच वासुदेव पटेल यांना मारले. संघीय तपास यंत्रणेच्या नोंदींत मुस्लिमविरोधी गुन्ह्यांच्या घटना 2000 मध्ये 28 होत्या. 2001 मध्ये त्या 481 झाल्या. शीख आणि हिंदू बळी या आकड्यात बसतही नाहीत. ‘मी तो नव्हे’ असे सांगण्याची संधी सोधींना मिळाली नाही. मिळाली असती, तरी त्या वाक्याचा अर्थ इतकाच झाला असता की गोळी शेजारच्या दुकानाकडे वळावी. कपाळावर जात लिहिलेली नसतानाही ती वाचणारी नजर ज्या समाजाने पिढ्यानपिढ्या सोसली, त्याने तरी हे वाक्य स्वतःच्या बचावासाठी वापरू नये.

त्याच मारेकऱ्याने गोळी घातलेले बांगलादेशी रईस भुईयां एका डोळ्याची दृष्टी गमावूनही वाचले. पुढे त्यांनी मारेकऱ्याची फाशीची शिक्षा रद्द व्हावी म्हणून न्यायालयात दाद मागितली. 20 जुलै 2011 रोजी ती शिक्षा अमलात आली.

7 ऑक्टोबर 2001 रोजी अफगाणिस्तानवर बॉम्बवर्षाव सुरू झाला. त्याच दिवशी प्रसारित झालेल्या चित्रफितीत बिन लादेनने जगाची श्रद्धावान आणि काफिर अशी दोन छावण्यांत विभागणी केली. बुश यांनीही 20 सप्टेंबरच्या भाषणात सर्व राष्ट्रांपुढे आमच्या बाजूचे की दहशतवाद्यांच्या, असे दोनच पर्याय ठेवले होते. सॅम्युएल हंटिंग्टन यांचा संस्कृतींच्या संघर्षाचा सिद्धान्त तेव्हा सर्वत्र उद्धृत होऊ लागला आणि मुस्लिम जग एकवटून उठेल, अशी भीती वर्तमानपत्रांतून व्यक्त झाली.

तसे घडले नाही. 10 ऑक्टोबरला दोहा येथे भरलेल्या इस्लामी राष्ट्रांच्या बैठकीने 11 सप्टेंबरच्या हल्ल्यांचा निषेध केला आणि अफगाण नागरिकांच्या जीविताबद्दल चिंता व्यक्त केली. युद्ध कोणी पुकारले नाही. 13 नोव्हेंबरला काबूलमध्ये शिरलेले उत्तर आघाडीचे सैनिक स्वतः मुसलमानच होते. तालिबानचा कट्टर विरोधक असलेल्या शियापंथी इराणने बॉन येथील वाटाघाटींत नवे अफगाण सरकार उभे करण्यास साहाय्य केले. आणि दोन महिन्यांच्या आत, 29 जानेवारी 2002 रोजी, बुश यांनी त्याच इराणला दुष्टांच्या त्रिकुटात बसवले! इतकी धडधडीत संधी दवडल्याचे उदाहरण त्या दशकात दुसरे क्वचितच सापडेल.

व्यापक धार्मिक संघर्ष आला तो नंतर, आणि निराळ्या दाराने. मार्च 2003 मध्ये 11 सप्टेंबरशी संबंध नसलेल्या इराकवर स्वारी झाली. तेथील राज्ययंत्रणा मोडून पडली, आणि 22 फेब्रुवारी 2006 रोजी सामर्‍यातील अल-अस्करी मशिदीत स्फोट झाल्यावर शिया आणि सुन्नी शेजारी एकमेकांच्या जिवावर उठले.

मग लष्करी उत्तर देऊच नये काय? बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे. सुरक्षा परिषदेच्या 12 सप्टेंबरच्या 1368 क्रमांकाच्या ठरावाने स्वसंरक्षणाचा हक्क मान्य केला होता, आणि बिन लादेनच्या तळांवरील कारवाई ‘गरज’ या कोटीत बसू शकते, असे माझे मत आहे. अमेरिकी संसदेने 14 सप्टेंबरला संमत केलेल्या ठरावाबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. त्याचे मुख्य कलम अवघ्या 60 इंग्रजी शब्दांचे आहे. त्यात देशाचे नाव नाही, मुदत नाही. सिनेटमध्ये तो 98 विरुद्ध 0, तर प्रतिनिधिगृहात 420 विरुद्ध 1 मतांनी संमत झाला. ते एक मत कॅलिफोर्नियातील ऑकलंडच्या प्रतिनिधी बार्बरा ली या कृष्णवर्णीय महिलेचे होते. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य संघात युद्धाचा ठराव आला असता त्याला विरोध करणाऱ्या सिद्धार्थाची बाबासाहेबांनी सांगितलेली कथा आपल्या वाचकांना वेगळी सांगायला नको.

ली यांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या आणि पोलीस संरक्षण घ्यावे लागले. तो ठराव रद्द करावा म्हणून त्यांनी पुढे वारंवार प्रयत्न केले. अफगाणिस्तानातून शेवटचा अमेरिकी सैनिक 30 ऑगस्ट 2021 रोजी बाहेर पडला; काबूल तेव्हा पुन्हा तालिबानच्या हाती होते. जानेवारी 2025 मध्ये ली प्रतिनिधिगृहातून निवृत्त झाल्या, तेव्हाही तो ठराव लागू होता.