डाव्या हाताची कुळकथा

दिवाळी आटोपली की भंडारा जिल्ह्यात मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस सुरू होतात. दिवसा मंडई, रात्री नाटक. साकोली-लाखांदूरकडच्या गावांत वडशाच्या कंपन्यांची नाटकं लागतात आणि पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीच्या रिवाजाप्रमाणे ती उजाडेपर्यंत चालतात. नट स्वतःच्या गळ्याने गातात, वादक जवळ बसून साथ करतात. अशाच एका नाटकाला माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांनी कीबोर्डवाल्याकडे बोट दाखवून म्हटलं, ''ऑर्गनवाला चांगला हाये.'' समोर तर जपानी कीबोर्ड होता, अरेंजर जातीचा : डाव्या हाताने कॉर्ड धरला की ढोलक, बास, गिटार आपोआप सुरू. जुन्या माणसाची जुनी सवय, असं समजून मी ते सोडून दिलं. पुढे कळलं की वंशावळीच्या हिशेबाने आजोबांचाच शब्द बरोबर होता.

१८८७ साली जपानमधल्या हामामात्सु गावच्या प्राथमिक शाळेतला अमेरिकन रीड ऑर्गन, म्हणजे पत्तीचा ऑर्गन, बिघडला. दुरुस्तीला बोलावलं ते तोराकुसु यामाहा या कारागिराला. तो गावात आला होता वैद्यकीय उपकरणं दुरुस्त करायला. पेटी उघडल्यावर त्याला वाटलं, हे तर आपणही बनवू शकतो. त्याने ऑर्गन बनवला आणि एका सोबत्याबरोबर तो खांद्यावरच्या काठीला टांगून, हाकोनेचा घाट ओलांडून, सुमारे २५० किलोमीटरवरच्या टोकियोला नेला. तिथल्या संगीतसंस्थेत उत्तर मिळालं : सूर जुळलेले नाहीत. मग गडी तिथेच सुमारे महिनाभर राहून संगीताचं शास्त्र शिकला आणि परत येऊन दुसरा ऑर्गन केला. त्याच्या नावाच्या यामाहा कंपनीच्या बोधचिन्हात आजही तीन स्वरकाटे एकमेकांना छेदून उभे आहेत.

आपल्या संगीत नाटकाने जवळ केलेली पायपेटी याच घराण्यातली. बालगंधर्वांच्या साथीला सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर थिरकवा आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, ही नावं रसिकांच्या ओठांवर असत. झाडीपट्टीनेही तेच वाद्य उचललं. म्हणजे आजोबांनी पाहिलेला पायऑर्गन आणि त्याच्या जागी आलेला कीबोर्ड ही एकाच आजीची नातवंडं.

हातपेटी असताना पायपेटी कशाला? कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५च्या सुमारास हार्मोनियम जमिनीवर बसून वाजवण्याजोगी केली, पण भाता डाव्या हाताला दिला. पट्ट्यांवर फिरायला एकटा उजवा उरला. ऑर्गनमध्ये भाता पायांनी चालतो, म्हणून डावा मोकळा. तो खर्जात तीच सुरावट धरू शकतो, षड्ज भरून ठेवू शकतो. माइक नसलेल्या रात्री हजारभर माणसांपर्यंत सूर पोचवायचा तर हा भरणा हवाच होता. अरेंजर कीबोर्ड साथीची सगळी सूत्रं देतो ती याच मोकळ्या झालेल्या हाताला.

इथे एक प्रतिपक्ष उभा राहतो. काही जण अरेंजरचा उगम तालपेटीत मानतात : वुर्लिट्झर कंपनीचा १९५९चा 'साइडमॅन', म्हणजे आपल्या भाषेत साथीदार. फिरत्या तबकडीवर तो ठेके धरायचा. मला हे अर्धंच पटतं. नुसता ठेका देणाऱ्या यंत्राला गाणं कुठल्या सुरात चाललंय हे कळत नाही. एका बोटाला अख्खा कॉर्ड, ही कल्पना १८२९ सालची. व्हिएन्नात सिरिल डेमियनने नोंदवलेल्या वाद्यात एक कळ दाबली की पूर्ण कॉर्ड वाजे. त्यावरूनच त्याने नाव ठेवलं अ‍ॅकॉर्डियन. १९५०मध्ये हॅमंडने तीच युक्ती विजेच्या ऑर्गनवर आणली, डाव्या हाताला ९६ कॉर्ड-बटणं देऊन.

आणि तालपेटीवाल्यांचा आवडता साक्षीदारही माझ्याच बाजूने बोलतो. टोकियोतल्या एका नाइटक्लबात ताडाशी ओसानाई साइडमॅन लावून वाजवायचा. त्या यंत्राने त्याचं समाधान होईना, म्हणून त्याने क्लबमालक त्सुतोमु कातोला गळ घातली. त्यातून १९६३ची 'डोंकामॅटिक' आली आणि पुढे कोर्ग कंपनी. हा ओसानाई वाजवायचा काय? अ‍ॅकॉर्डियन! यामाहाचं मूळ पत्तीच्या ऑर्गनमध्ये, कोर्गचं पत्तीच्या अ‍ॅकॉर्डियनमध्ये. भात्याच्या हवेने थरथरणारी ती धातूची पत्ती या कुळाची मूळमाता आहे, यावर मी ठाम आहे. कॅसिओ मात्र या वंशवेलीत बसत नाही. ते घराणं गणकयंत्रांचं, १९८०मध्ये कॅसिओटोन घेऊन आलेलं. त्याला मी दत्तक मानतो.

'अरेंजर' हा शब्द आपल्याकडे यंत्राच्या आधी माणसाचा होता. सेबॅस्टियन डिसोझा, अनिल मोहिले यांच्यासारखी माणसं चालीभोवती वाद्यमेळ रचत. ते काम डाव्या हाताच्या चार बोटांवर आलं, तेव्हा वाद्य निवडतानाही आधी डाव्या हाताची परीक्षा घ्यावी, असं मला वाटतं. नागपूर-भंडाऱ्याच्या दुकानांत गिऱ्हाईक आधी विचारतं, स्टाइली किती? यामाहाच्या पीएसआर-आय५००मध्ये किंवा कॅसिओच्या 'आयएन' शेपटीच्या मॉडेलांत भारतीय ठेके मिळतात, ते ऐकावेतच. पण नाटकाला हवी रजिस्ट्रेशन मेमरी : लावणी संपून करुण प्रवेश आला की एका बटणात आवाज, लय, स्टाइल सगळं बदललं पाहिजे. नायक काळी दोनला, नायिका काळी पाचला, म्हणून ट्रान्सपोजचं बटण अंधारातही बोटाला सापडायला हवं. घरी ध्वनिमुद्रण करायचं तर यूएसबीतून संगणकाला थेट जोडता येतं का, आणि ढोलक, बास, सूर वेगवेगळ्या ट्रॅकवर घेता येतात का, हे बघावं.

शेवटी भैरवी वाजवून पाहावी. एका बोटाच्या पद्धतीत नुसता सा दाबला तर यंत्र मेजर कॉर्ड धरतं, म्हणजे शुद्ध गंधार. गायकाचा कोमल गंधार आला की दोघांची टक्कर. यामाहात सा-सोबत त्याच्या डावीकडची काळी पट्टी दाबली की कॉर्ड मायनर होतो. त्याहून चांगली सोय म्हणजे कॉर्डचे सगळे सूर बोटांनी धरायच्या पद्धतीत नुसते सा आणि प धरायचे. बऱ्याच मॉडेलांना ही जोडी ओळखता येते, आणि ती गंधाराला हात न लावता साथ करतात. ज्या कीबोर्डवर ते जमतं त्यावर डोळे मिटून सा-प धरा. पायपेटीवाल्याचा डावा हात हेच करत होता.