कृष्णराज महाडिक : कोल्हापूर ते ब्रिटिश फॉर्म्युला थ्री

मोटारींचे सुटे भाग ओतणाऱ्या फाउंड्र्या कोल्हापुरात पुष्कळ; पण इथल्या एका तरुणाने २०१८ साली ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये शर्यती केल्या, हे जिल्ह्याबाहेर फारसे कुणाला ठाऊक नाही. कृष्णराज महाडिक 'डबल आर रेसिंग' संघाकडून उतरत. स्पर्धेत सर्वांना एकाच बनावटीची गाडी, टाटूसचा सांगाडा व कॉसवर्थचे इंजिन. सबबीला जागा थोडीच! त्याच संघातील स्वीडनचे लिनस लुंडक्विस्ट त्या वर्षी विजेते ठरले. पुढे अमेरिकेच्या इंडीकार मालिकेत ते २०२४चे सर्वोत्तम नवोदित ठरले. तरीही २०२५मध्ये पूर्ण हंगामासाठी त्यांना जागा मिळाली नाही. विजेत्याची ही गत, तर इतरांची काय? महाडिक फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचले नाहीत. कोल्हापुरात परतून ते यूट्यूब व राजकारणाकडे वळले.