दोन चुलींचा हिशेब

परगांवीं जाण्यापूर्वीं सुज्ञ मनुष्य तेथील पगार विचारतो, मग धान्याचा भाव. परंतु एवढ्यानें हिशेब पुरा होतो काय? १९२१ सालीं मुंबई सरकारनें मजूर-कचेरी स्थापिली. फिंडले शिरस यांच्या देखरेखीखालीं तिनें केलेल्या पाहणीचा अहवाल १९२३ सालीं प्रसिद्ध झाला. मुंबईंतील कामगार-कुटुंबाची मासिक प्राप्ति सुमारें ५२ रुपये भरली. पैकीं निम्म्याहून अधिक रक्कम अन्नावर जाई. सोलापूरच्या गिरणी-कामगारांच्या १९२५ सालच्या पाहणींत हीच प्राप्ति सुमारें ४० रुपये निघाली. आंकडे शेजारीं मांडले, तर मुंबईच सरस ठरते. पण तेथील ९७ टक्के कामगार-कुटुंबें एकेका खोलींत राहत होतीं.

शिवाय रत्नागिरीकडून येणारा गडी पुष्कळदां एकटाच येई. खाणावळीचे पैसे देऊन उरलेले मनिऑर्डरीनें घरीं धाडी. गांवीं परसांतली भाजी व रानांतलें सरपण यांस दाम पडत नसे. शहरांत काडीकाडीला पैसा मोजावा लागे. भावांचे तक्ते एका गांवाची दुसऱ्याशीं तुलना करतात. त्याचा संसार मात्र दोन्हीं गांवीं चाले. दुसऱ्या चुलीचा खर्च ज्यानें मांडला नाहीं, त्याला पगाराचा आंकडा फसवितो, हाच या इतिहासाचा धडा होय.