शस्त्रक्रियागृहातील औषधे : ओळख, साठवण आणि हाताळणी

पानिपत (हरियाणा) : जानेवारीच्या थंडीत येथील पारा पाच अंशांच्या आसपास उतरला की औषधांच्या कपाटातील मॅनिटॉलच्या बाटल्यांमध्ये स्फटिक दिसू लागतात. राष्ट्रीय महामार्ग ४४ वरील अपघातात डोक्याला मार लागलेला रुग्ण आला, तर मेंदूची सूज उतरविण्यासाठी हेच औषध तातडीने लागते. मॅनिटॉलचे २० टक्क्यांचे द्रावण थंडीत पूर्ण विरघळलेले राहत नाही. अशी बाटली गरम पाण्यात ठेवून हलवावी लागते, स्फटिक विरघळल्यावर शरीराच्या तापमानापर्यंत निववावी लागते आणि गाळणी असलेल्या नळीतूनच शिरेत सोडावी लागते. स्फटिक विरघळत नसतील तर ती वापरू नये. प्लॅस्टिकच्या बाटलीत स्फटिक चटकन नजरेस येत नाहीत. म्हणून ती उजेडासमोर धरून पाहणे आवश्यक असते.

हे पाहण्याचे काम बहुतेक ठिकाणी शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञाकडे असते. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ या कायद्याने शस्त्रक्रिया व भूलविषयक तंत्रज्ञांना स्वतंत्र व्यावसायिक गट म्हणून मान्यता दिली आहे. औषध कोणते आणि किती द्यायचे, हे शल्यचिकित्सक किंवा भूलतज्ज्ञ ठरवितात. ते योग्य स्थितीत, योग्य नावाने आणि योग्य तीव्रतेत त्यांच्या हाती पोहोचविण्याची जबाबदारी तंत्रज्ञ आणि परिचारिका यांच्यावर असते.

उन्हाळ्यात अडचण उलटी होते. मे-जूनमध्ये पानिपतचे तापमान चाळिशी ओलांडते, तर अनेक औषधांवर ‘२५ अंशांखाली ठेवावे’ अशी सूचना छापलेली असते. श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी काही सेकंदांत स्नायू शिथिल करणारे सक्सामेथोनियम २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिनही साधारणतः शीतकपाटात ठेवतात. उष्णतेने ही औषधे हळूहळू दुर्बल होतात, मात्र बाहेरून तसा कोणताही बदल दिसत नाही. त्यामुळे शीतकपाटातील तापमापी दिवसातून दोनदा वाचून नोंद करणे, औषधे दारातील कप्प्यात न ठेवणे आणि गोठणकप्प्याला चिकटू न देणे, हे नियम कटाक्षाने पाळावे लागतात. वीज दीर्घकाळ गेली असेल तर औषधे वापरण्यापूर्वी भूलतज्ज्ञांना कळविणे योग्य.

तरीही सर्वांत घातक चुका साठवणीत नव्हे, टेबलावर घडतात. शस्त्रक्रियेच्या निर्जंतुक टेबलावर औषध मूळ कुपीतून बाहेर काढून वाटीत किंवा सिरिंजमध्ये ओतले जाते, आणि त्या क्षणी त्याची ओळख सांगणारे छापील नाव मागे राहते. सलाइन, लिग्नोकेन, हेपारिन मिसळलेले पाणी आणि रंगहीन क्लोरहेक्सिडीन ही सारी दिसायला सारखीच. अमेरिकेतील सिॲटल शहरात नोव्हेंबर २००४ मध्ये एका महिलेच्या मेंदूतील रक्तवाहिनीवर उपचार सुरू असताना क्ष-किरणांत दिसणाऱ्या रंजकद्रव्याऐवजी त्वचा निर्जंतुक करणारे क्लोरहेक्सिडीन टोचले गेले. दोन्ही द्रव रंगहीन होते आणि वाट्यांवर नावे नव्हती. ती महिला दगावली. रुग्णालयाने चूक जाहीरपणे मान्य केली.

म्हणूनच नियम असा की औषध भांड्यात येताच त्यावर नाव आणि तीव्रता लिहिली जावी. आधी ओतून नंतर लिहू, असे नाही. फिरत्या परिचारिकेने मूळ कुपी दाखवावी, दोघांनी नाव, तीव्रता व मुदत मोठ्याने वाचावी, मग औषध घ्यावे. सिरिंज शल्यचिकित्सकाच्या हाती देताना पुन्हा नाव व तीव्रता उच्चारावी. लेबल नसलेला द्रव कोणालाही ‘आठवत’ असला तरी टाकून द्यावा. नमुने जतन करण्याचे फॉर्मॅलिन तर टोचण्याच्या औषधांच्या आसपासही नसावे. भूलतज्ज्ञांच्या सिरिंजवरील लेबलांना आंतरराष्ट्रीय रंगसंकेत आहे : स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांना लाल, अफूवर्गीय वेदनाशामकांना निळा, रक्तदाब वाढविणाऱ्यांना जांभळा, स्थानिक भुलीला करडा. रंग मदत करतो, पण नाव वाचण्याची जागा तो घेऊ शकत नाही.

सारख्या दिसणाऱ्या कुप्यांचा धोका भारतीय शस्त्रक्रियागृहांतही नोंदला गेला आहे. रक्तस्राव थांबविणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड आणि पाठीच्या कण्यात देण्याचे बुपिव्हॅकेन यांच्या लहान काचेच्या कुप्या सहज गोंधळात पाडतात. पहिले चुकून कण्यात गेल्यास झटके आणि हृदयाची लय बिघडणे असे गंभीर परिणाम होतात. अनेक रुग्ण दगावतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये याबाबत इशारा दिला. सिझेरियनच्या वेळी दोन्ही औषधे एकाच खोलीत लागतात, हेच या गोंधळाचे मोठे कारण. उपाय साधा आहे : दोन्ही कुप्या एकाच खणात किंवा तबकात ठेवू नयेत.

मात्रेचे गणित विद्यार्थ्यांनी तोंडपाठ करण्याऐवजी समजून घ्यावे. एक टक्का म्हणजे प्रत्येक मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. म्हणून २ टक्के लिग्नोकेनच्या एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम असतात. प्रचलित मर्यादा साधारणतः किलोमागे ४.५ मिलिग्रॅम, ॲड्रिनॅलिन मिसळल्यास ७ मिलिग्रॅम धरली जाते. पन्नास किलोच्या रुग्णासाठी म्हणजे २२५ किंवा ३५० मिलिग्रॅम. २ टक्के द्रावणाचे सुमारे ११ किंवा साडेसतरा मिलिलिटर. ॲड्रिनॅलिनचे प्रमाण अधिक फसवे. ‘१:१०००’ म्हणजे मिलिलिटरला १ मिलिग्रॅम, तर स्थानिक भुलीतील ‘१:२,००,०००’ म्हणजे मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम, दोनशे पटींनी सौम्य. वीस मिलिलिटर भूलद्रव्यासाठी तीव्र ॲड्रिनॅलिनचा केवळ ०.१ मिलिलिटर पुरतो. एक शून्य चुकले तर रुग्णाचे हृदय संकटात येते. हेपारिन १,००० आणि ५,००० युनिट प्रति मिलिलिटर अशा दोन्ही तीव्रतांत मिळत असल्याने तेथे ‘एक मिलिलिटर’ ही सूचना अपुरी ठरते; युनिटच सांगावे लागतात.

कुपीतील माल मुळातच दूषित असेल, तर टेबलावरील दक्षता तो ओळखू शकत नाही. मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात १९८६ च्या आरंभी डायएथिलिन ग्लायकॉलमिश्रित ग्लिसरॉलमुळे १४ रुग्णांचा मृत्यू झाला आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. दिलेल्या प्रत्येक औषधाचा बॅच क्रमांक लिहिण्याची सवय अशा वेळी उपयोगी पडते, कारण संशय आला की तोच माल कोणाकोणाला दिला गेला, हे त्यावरून काढता येते.

मॉर्फिन, फेंटानिलसारखी औषधे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली येतात. ती कुलूपबंद असतात आणि वापरलेला तसेच उरलेला भाग साक्षीदारासमोर नोंदवून नष्ट केला जातो. इतर रिकाम्या कुप्या मात्र लगेच टाकू नयेत. रुग्ण खोलीबाहेर जाईपर्यंत त्या टेबलाजवळ ठेवल्या, तर अनपेक्षित प्रतिक्रिया आल्यास काय दिले होते, हे पडताळता येते.