तळटीप : ‘पॉइंट घासले नि गाडी सुरू झाली’

जुन्या पद्मिनी-अँबॅसडरच्या पेट्रोल इंजिनात डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट उघडले की कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब उठे. फिरता रोटर तो १-३-४-२ या क्रमाने प्लगांना वाटून देई. पॉइंट ठिणगीने करपत, म्हणून घासावे लागत. पण महाडचा पाऊस अंगावर घेऊन पोलादपूरपुढे कशेडी चढणाऱ्या गाडीचं दुखणं बहुधा वेगळंच असे : डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपमध्ये ओल धरली की करंट भलतीकडे पळे. इथेही लेखकाने दोष पॉइंटांना दिला असला, तरी गुण कॅप पुसणाऱ्या कोरड्या फडक्याचा दिसतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये पॉइंटांऐवजी सेन्सर आणि ट्रान्झिस्टर आले. कॅप-रोटर मात्र पुष्कळ गाड्यांत टिकले. कॉइल थेट प्लगांना जोडल्या गेल्या, तेव्हा तेही गेले.